जहूरभाईंचा किल्ट आणि माझी लुंगी

...हसा, हसा! सगळेच हसतात! इतकी वर्षं झाली, शारजात असो नाहीतर दाभोळात, लग्नाच्या मांडवात चार म्हातारे एकत्र बसले की कुणीतरी ही गोष्ट काढतोच, आणि मग सगळी मंडळी जहूरभाईंच्या किल्टवर पोट धरधरून हसतात, डोळे पुसतात, पान लावतात, आणि त्या किल्टच्या आत जी लुंगी होती ती कुणाची होती हे एक माणूस सांगेल तर शपथ! माझी होती! तुम्हाला सांगतो, नवी कोरी, निळ्या चौकड्यांची, अम्माने स्टीमरवरच्या सारंगाच्या हाती मुद्दाम पाठवलेली, मी ती ईदेसाठी ट्रंकेत जपून ठेवलेली, घडीसुद्धा मोडली नव्हती... पण लुंगीवाल्या रफिकला कोण विचारतो? जो तो किल्टवाल्याला विचारतो!

बरं, सुरुवातीपासून सांगतो. फक्त मध्येमध्ये विचारू नका. या गोष्टीत एक कायदाच आहे, विचारायचं नाही! का नाही, ते पुढे कळेल.

तर त्रेसष्ट-चौसष्टचा काळ. अबुधाबीत तेल लागलं होतं म्हणे, पण शारजात आमच्यापर्यंत त्याचा वाससुद्धा आला नव्हता, पाणी गाढवावरून यायचं आणि पंखा फक्त गोऱ्यांच्या छावणीत फिरायचा. मी तय्यबशेठच्या दुकानात तांदळाच्या गोण्या उचलायचो. तय्यबशेठ म्हणजे श्रीवर्धनचे, सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, त्यांचं किराण्याचं दुकान, आणि आम्हा सगळ्या कोकणी पोरांचे तेच बाप, तेच काझी, तेच पोस्ट ऑफिस. दुकानाच्या मागच्या खोलीत गोण्या भिंतीला सारून चटया पसरायच्या आणि तिथे आमची मगरिबची, म्हणजे दिवस मावळतानाच्या नमाजाची, जमात व्हायची. आणि इमाम म्हणून पुढे उभे राहायचे जहूरभाई.

जहूरभाई होडेकर, दाभोळचे, विमानतळाजवळच्या गोऱ्या पलटणीच्या ऑफिसर मेसमध्ये हेड बेरर. शिडशिडीत माणूस, पाठ अशी ताठ की भिंतीने लाजावं. दिवसभर 'येस सर', 'कमिंग सर', एका हातावर सूपच्या बशा, दुसऱ्या हातावर टॉवेल... पण आवाज! तुम्हाला सांगतो, कुराण पढायला लागले की बाहेर खजूर विकणारा वाळवंटातला बदू तराजू हातात तसाच धरून उभा राहायचा. आता विचार करा, ज्या माणसाला दिवसभर कुणीही 'ए बेरर' म्हणून बोलावतं, त्याच्या मागे संध्याकाळी तय्यबशेठसुद्धा हात बांधून उभे राहतात! तेवढी दहा मिनिटं जहूरभाई कुणाचेच बेरर नसत. परदेशात त्यांनी कमावलेलं म्हणाल तर तेवढंच, बाकी सगळं मनिऑर्डरने घरी जायचं.

आणि ती जागा हवी होती हनीफला. हनीफ पण त्याच मेसमध्ये, नंबर दोनचा बेरर. वाईट माणूस नव्हता हो! नमाजी, खरं बोलणारा, उधारी न करणारा. पण त्याचं पढणं म्हणजे एस.टी. सुटायच्या आत संपवायचं असल्यासारखं. जहूरभाईंना एखाद दिवशी सर्दी झाली की हा आपोआप अर्धं पाऊल पुढे सरकायचा. "नाही, मी फक्त जागा करून देत होतो." कुणाला जागा करून देत होतास बाबा? पुढे तर भिंत होती!

आता पलटण कसली, तर स्कॉटलंडची. हे गोरे वेगळे. आपल्याला वाटतं गोरा तेवढा सारखाच, तसं नाही. यांच्या प्रत्येकाच्या नावात 'मॅक' असतो, आमच्या प्रत्येकाच्या नावात 'कर' असतो तसा, फक्त त्यांचा पुढून, आपला मागून. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस यांच्या एका पिराचा उरूस असतो, अँड्रू नावाचा पीर. उरूस म्हणजे अगदी आपल्यासारखा! पुढे बाजा, बाजा म्हणजे कातडी पिशवी काखेत मारून फुंकायचा बाजा, आणि मागे संदलसारखं चांदीचं ताट, आणि त्या ताटात... हॅगिस. म्हणजे काय, तर बकऱ्याच्या पोटाच्या पिशवीत त्याचीच कलेजी, दिल, कांदा, दाणे भरून शिजवलेलं. अरे, सरळ वजडी म्हणा ना! आपल्याकडे वजडी खाल्ली तर पाहुण्यांपासून लपवतात, आणि हे मिरवणूक काढतात! बकरा मात्र जहूरभाईंनी अजमानहून स्वतः बघून आणलेला, स्वतःसमोर हलाल करवलेला, त्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही.

ते ताट दरवर्षी त्यांचा गोरा खानसामा न्यायचा. डोंगराएवढा माणूस. आणि त्या वर्षी उरसाच्या आदल्या दिवशी डोंगराला हिवताप भरला, अंगावर चार घोंगड्या आणि दात वाजतायत. झालं! ताट कोण नेणार? ताट जड, वजडी गोल, जरा कललं की सुटली घरंगळत साहेबांच्या मांडीवर. सगळ्या मेसमध्ये ते ताट पाण्याच्या वाटीसारखं सरळ नेणारा माणूस एकच. मेजर मॅकरे साहेब म्हणाले, "जहूर." जहूरभाई म्हणाले, "येस सर." एवढंच. गरीब माणूस 'येस सर' आधी म्हणतो आणि ऐकतो नंतर!

नंतर, म्हणजे उरसाच्या दिवशी दुपारी, सार्जंटने सांगितलं. हा सार्जंट तरुणपणी पेशावरला होता, हिंदुस्थानी बोलायचा, म्हणजे त्याची आपली समजूत अशी की तो बोलतो. म्हणाला, "जहूर, जो ताट लेगा, वो किल्ट पेनेगा! ये कायडा हाय!"

किल्ट! म्हणजे तो लोकरीचा, लाल-हिरव्या चौकड्यांचा, चुण्याचुण्यांचा... नाही, झगा म्हणायचं नाही, घागरा तर मुळीच म्हणायचं नाही, सार्जंट गोळी घालेल. जहूरभाईंनी पाहिला, मनात म्हणाले, लुंगीच की ही, त्यात काय! आणि नेसले. आता लुंगीच्या चुण्या कुठे असतात? पुढे! बापाची पुढे, आज्याची पुढे, अख्ख्या कोकणपट्टीची पुढे. तर यांनी पण चुण्या पुढे घेतल्या. सार्जंटने कपाळावर हात मारला, "पीचे! पीचे!" आणि खांद्याला धरून भोवऱ्यासारखे गरकन फिरवले. बरं, किल्ट त्या डोंगराचा, आमच्या जहूरभाईंना तो गुडघ्याच्या चांगला चार बोटं खाली आला. जहूरभाई खूश! गुडघे झाकले, गंगेत घोडं न्हालं! तर सार्जंट म्हणतो, "घुटना टेको." टेकले. किल्ट जमिनीवर पसरला. "नो, नो, नो! घुटना डिकना मांगता! घुटना नई डिका टो वो किल्ट नई, पेटीकोट हाय!" आणि धरून जो वर ओढला तो थेट बरगड्यांपर्यंत, तिथे पट्टे आवळले, वरून कोट चढवला, खाली जाड लोकरी मोजे, एका मोज्यात सुरी खोचली, आणि पोटापुढे लटकवली एक केसाळ कातडी थैली. आणि मधोमध, दोन कंदिलांसारखे, जहूरभाईंचे गुडघे.

ते गुडघे सज्ञान झाल्यापासून बायकोशिवाय आणि हकिमाशिवाय कुणी पाहिलेले नव्हते हो!

जहूरभाईंनी हळूच विचारलं, "सार्जंटसाब, अंदर क्या पहनने का?" सार्जंट एकदम गंभीर झाला. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "जहूर. किल्ट का अंडर क्या हाय, वो कोई पूचता नई. कोई बोलता नई. जनरल बी नई पूच सकता. जेंटलमन डेकेगा टो बी डेका नई." म्हणजे काय, विचारायचं नाही! हा त्यांचा अदब. इकडे गुडघा उघडा, तिकडे तोंड बंद.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेसचा बर्फ संपला! साठ साहेब जेवायला, गार पाणी नाही, आणि सुकातून बर्फ आणायचा तर बर्फवाला फक्त जहूरभाईंना ओळखणार. जहूरभाई म्हणाले, कपडे बदलून येतो. सार्जंट म्हणाला, "मेरा आडा घंटा गया टुमको पेनाने में! अबी खोला, टो डुबारा नई पेनाएगा! यल्ला!" आणि बसवलं लॉरीत. समोर ड्रायव्हर, तो बलुची, त्याने एकदा पाहिलं, तोंड फिरवलं, आणि शेवटपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिला.

तर अशा थाटात जहूरभाई शारजाच्या सुकात उतरले. आणि तुम्हाला सांगतो, गंमत कशी बघा. त्या अख्ख्या सुकात पँट घातलेला माणूस एकच, बँकेचा क्लार्क. बाकी अरब कंदुऱ्यात, मलबारी मुंडूत, आम्ही लुंगीत, सगळ्यांचे पाय मोकळे! मग यात हसण्यासारखं काय होतं, सांगा तुम्ही? अरबांनी काही केलं नाही हो. बर्फवाल्याच्या दाराशी एक म्हातारे अरब बसले होते, कमरेला वजार म्हणजे त्यांची लुंगीच, त्यांनी किल्टचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं, "ज़ेन, ज़ेन, माल चांगला आहे." मग खाली मोज्यातली सुरी पाहिली आणि खरोखर काळजीने विचारलं, "हबीबी, खंजीर पायात? का? कमरेला जागा नव्हती?" बस, त्यांची शंका तेवढीच! एक पठाण हमाल समोरून आला, त्याने गुडघे पाहिले, तौबा म्हणाला आणि जहूरभाईंच्या वतीने स्वतःच लाजून पुढे गेला.

पण आपली माणसं! आपली माणसं अर्ध्या सुकातून धावत आली. "जहूरभाई, काय हे? कुणाचं हे? नवस होता का? वहिनींचं आहे का? ...आणि आत? आत काय आहे?" प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न तोच! जनरल विचारत नाही तिथे कपबशा विकणारा विचारतोय, "आत काय?" जहूरभाईंच्या दोन्ही हातांत बर्फाची लादी, गोणपाटात गुंडाळलेली, पाणी ठिबकतंय, वाऱ्याने चुण्या उडतायत, आणि हा शहाणा सार्जंटचा कायदा समजावून सांगतोय, "भाई, हे विचारायचं नसतं, अदब असतो..." अदब! मच्छीबाजारात अदब!

आणि तेवढ्यात मगरिबची अजान झाली.

तुम्हाला ठाऊक आहे मगरिबची वेळ कशी, आली म्हणता म्हणता जाते. जहूरभाई बर्फ लॉरीत टाकून दुकानात आले, हातपाय धुऊन वजू केली, मागच्या खोलीत शिरले, आणि सवयीने चालत गेले ते सरळ पुढे. सगळी रांग उभी. आणि सगळ्या रांगेची नजर खाली.

हनीफ त्या दिवशी चार तासांची सुट्टी घेऊन आलेला, रात्रीच्या जेवणाला परत जायचा होता. तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "जहूरभाई, गुडघे." मग म्हणाला, "आणि पुढे ती थैली, ती कसल्या जनावराची?" जहूरभाई म्हणाले, बकऱ्याची. "बघितलंत?" "सार्जंट म्हणाला." "सार्जंट म्हणाला! सार्जंटने कलमा पढलाय का?" झालं, जमात एकीकडे, थैलीची चौकशी सुरू! कुणी वास घेतोय, कुणी केस ओढतोय, बाहेर उजेड चाललाय. तय्यबशेठनी हात वर केला. "थैली काढून ठेव. आणि बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं पाहिजे, ते झाक." मागून कुणीतरी म्हणालं, आपल्यात गुडघा झाकण्यात धरतात की बाहेर? तय्यबशेठ म्हणाले, "बांधावरचं झाड आपलंच समजायचं. झाका म्हणतो ना!"

आता झाकायला काय? सगळ्यांच्या लुंग्या कमरेला. दोरीवरच्या ओल्या. आणि तय्यबशेठनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगा, माझ्याकडेच का? खोलीत नऊ माणसं होती! पण त्यांना ट्रंकेतलं ठाऊक, तेच आमचं पोस्ट ऑफिस, अम्माचं पार्सल त्यांच्याच हातून आलेलं. "रफिक, ती नवी आण."

आणली. अल्लाचं काम, नाही कसं म्हणणार? जहूरभाईंनी किल्टवरून लुंगी गुंडाळली, आत ती लोकर, त्यामुळे माणूस बरगड्यांपासून खाली पिंपासारखा झाला. पण 'अल्लाहु अकबर' म्हणाले आणि... तुम्हाला सांगतो, सगळं विसरलो. बर्फ विसरलो, किल्ट विसरलो, माझ्या लुंगीची घडी मोडली हेसुद्धा विसरलो. त्या दिवशी जसे पढले तसे कधी पढले नव्हते. मला वाटतं त्यांना कळलं होतं की कदाचित हे शेवटचं.

कारण नमाज संपून सलाम फिरवल्यावर तय्यबशेठ बसल्या जागी वळले आणि म्हणाले, "जहूर, सुकात दिसले ते माफ. गरीब माणूस, साहेबाने ढकलला. पण आता तुला सांगितलंय. रात्री साठ गोऱ्यांसमोर गुडघे उघडे टाकून नाचलास..." "नाचायचं नाही शेठ, फक्त ताट न्यायचंय." "...नेलंस, तर उद्यापासून हनीफ पुढे उभा राहील. जो तिथे उघडा, त्याच्यामागे आम्ही इथे कसे उभे राहणार?" हनीफ? फक्त अर्धं पाऊल सरकला.

जहूरभाई म्हणाले, "शेठ, मी मेजर साहेबांना जबान दिलीय." शेठ म्हणाले, "मग बघ बाबा." म्हणजे काय, इकडे आड तिकडे विहीर! तिथे गुडघा दिसला नाही तर किल्ट नाही, इथे गुडघा दिसला तर इमाम नाही. आणि गुडघे दोनच, ते पण एकाच माणसाचे!

बाहेर लॉरीने भोंगा वाजवायला सुरुवात केली, बर्फ चाललाय खलास व्हायला. जहूरभाई गोण्यांच्या मागे गेले, काहीतरी खटपट केली, आणि बाहेर आले तर लुंगी गायब! मी म्हटलं, लुंगी? तर किल्टकडे बोट. आत! खाली नेसून, अर्धी दुमडून वर खोचलेली, आपण चिखलात उतरताना खोचतो तशी. "रफिक, वारा आहे रे. निदान आत काहीतरी असू दे." असू दे, पण माझी? मी लॉरीवर चढलो. का म्हणजे? लुंगी जिकडे मी तिकडे!

वाटभर जहूरभाई बर्फाच्या लादीवर हात ठेवून बसले होते. छावणीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "हनीफ बरा पढतो रे. जरा घाई करतो, पण शिकेल." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लुंगीचा विषय काढणार होतो तो गिळला.

छावणीत पोचलो. सार्जंटने थैली परत अडकवली, पट्टे तपासले, गुडघे तपासले, "गुड." मी बर्फ फोडायच्या निमित्ताने पँट्रीत शिरलो. तिथला मामला असा की स्वयंपाकघर अंगणाच्या या अंगाला, जेवणाचा हॉल त्या अंगाला, मध्ये उघडं मैदान, आणि शमाल वारा सुटलेला. पुढे बाजेवाला, गाल फुगवून. मागे जहूरभाई, दोन्ही हातांवर चांदीचं ताट, ताटात ती वाफाळलेली वजडी. त्यांच्या मागे मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हातात बर्फाची बादली असली की माणसाला कुणी हटकत नाही.

बाजा सुरू झाला. ते ऐकून कुत्री भुंकायला लागली. जहूरभाई निघाले, एक एक पाऊल, पाठ ताठ, ताट असं सरळ की वाफसुद्धा सरळ वर जात होती. अंगण ओलांडलं. गुडघे चंद्रासारखे चमकतायत. आत हनीफ भिंतीला लागून उभा, हातात रश्श्याचं भांडं आणि नजर दारात, नेमकी तेवढ्या उंचीवर! सगळे साठ साहेब उठून उभे राहिलेले, टाळ्यांचा ताल धरलेला. शिपायाने दार उघडलं. उंबऱ्याशी जहूरभाई एक क्षण थांबले. मी मागे होतो, मला दिसलं, त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला...

आणि लुंगी सुटली.

म्हणजे सगळी नाही हो! कमरेची गाठ पक्की, वर खोचलेला काठ तेवढा सुटला. आधी डाव्या बाजूने एक कोपरा आला. मग उजव्या बाजूने. मग भसकन सगळीच खाली, गुडघ्यांवरून, मोज्यांवरून, सुरीवरून, थेट घोट्यांपर्यंत! वर लाल-हिरव्या चौकड्या, खाली निळ्या चौकड्या, आणि दोन्ही हातांत ताट! ओढणार कशाने? दातांनी? जहूरभाई तसेच चालत आत गेले. अख्ख्या हॉलला फेरी घातली. माझी लुंगी पाठीमागून फरशी पुसत चाललेली...

टाळ्या थांबल्या. बाजेवाल्याला काही दिसत नव्हतं, तो वाजवतोच आहे. साठ साहेबांनी पाहिलं. मला वाटलं आता हसतील, छत उडेल. आणि तुम्हाला सांगतो, एकजण हसला नाही! का? विचारायचं नाही! किल्टच्या खाली काय आहे ते पाहिलं तरी पाहिलं नाही, त्यांचाच कायदा! कुणी छताकडे बघतोय, कुणी काटा पुसतोय, एक तरुण लेफ्टनंट मिशीपर्यंत लाल झाला, ओठ चावून चावून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही. दाराशी सार्जंट! त्याचा चेहरा टोमॅटो झाला, तोंड उघडलं, "जहूर, वो क्या..." आणि मिटलं. त्याचाच कायदा त्याच्या घशात अडकला!

जहूरभाईंनी ताट मेजर साहेबांपुढे ठेवलं. वजडी तसूभर हलली नव्हती. मेजर साहेबांनी ताट पाहिलं, मग जहूरभाईंना पाहिलं, डोळ्यांत, त्याच्या खाली नाही. त्यांच्यात ताट आणणाऱ्याला चांदीच्या पेल्यात दारू देतात. मेजर साहेबांनी बाजूचा पेला उचलून दिला, त्यात गुलाबाचं सरबत होतं, आधीपासून भरून ठेवलेलं. म्हणाले, "युवर हेल्थ, जहूर. व्हेरी वेल कॅरिड." जहूरभाई बिस्मिल्ला म्हणून प्याले. मला अजून ते दृश्य दिसतं, खोटं नाही सांगत, माझी छाती भरून आली. लुंगी माझी होती ना!

दुसऱ्या दिवशी मगरिब. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बर्फवाल्यापर्यंत सगळे हजर. जहूरभाई मुद्दाम मागच्या रांगेत उभे. तय्यबशेठ म्हणाले, "हनीफ, तू तिथे होतास. अल्लाला हाजिर ठेवून सांग, गुडघे दिसले?"

हनीफ उभा राहिला. आता सांगा, 'दिसले' म्हणाला असता तर कोण खोटं पाडणार होतं? साहेबांना विचारायला जाणार? साहेब तर म्हणणार आम्ही काही पाहिलंच नाही! मी होतो, पण मी बोललो असतो तर म्हणाले असते, लुंगीवाला आहे, लुंगीची बाजू घेणारच. हनीफने खाली बघितलं, वर बघितलं, एक मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "नाही शेठ. घोट्यापर्यंत झाकलेलं होतं. मी तर रस्सा सांडेपर्यंत बघत होतो." आणि स्वतः होऊन अर्धं पाऊल मागे सरकला. अल्ला त्याला जन्नत देवो, त्या दिवशी तो मला इमाम वाटला.

जहूरभाई पुढे गेले. ते थेट दाभोळला परत जाईपर्यंत, किती वर्षं ते मोजत बसत नाही, पुढेच राहिले.

आता तुमच्या मनात आहे ते मला ठाऊक आहे. खोच सुटली की सोडली? कारण लुंगी नेसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, श्वास सोडून पोट नुसतं आत ओढलं की वर खोचलेला काठ आपोआप निसटतो, हात लागत नाही. मी विचारलं हो! खाडी ओलांडताना अब्रावर, म्हणजे तिथल्या होडीत, विचारलं, हजच्या जहाजावर विचारलं, शेवटच्या आजारात त्यांच्या खाटेशी बसून विचारलं. दर वेळी तेच हसू, आणि, "रफिक, विचारायचं नाही."

आणि माझी लुंगी? दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर तीच होती, धुऊन, इस्त्री करून. म्हणाले बरकतीची आहे. तिसऱ्या दिवशी तीच. रोज संध्याकाळी ते पुढे उभे माझ्या लुंगीत, मी मागे उभा, समोर निळ्या चौकड्या, मी चौकड्या बघतोय आणि मनात अम्मा आठवतेय. आता तुम्हीच सांगा, इमामाच्या मागे उभं राहून इमामाला म्हणायचं का, की हजरत, तेवढी लुंगी सोडता का?

विचारायचं नाही!